अथेन्समधील कॅलिअस-हिप्पोनिकस घराण्याचा चढउतार कसा अभ्यासावा

प्राचीन ग्रीसमधील एखाद्या धनाढ्य घराण्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर आधी त्याच्या पैशाचा माग काढावा, आणि त्यासाठी अथेन्समधील कॅलिअस-हिप्पोनिकस घराणे निवडावे. सुरुवात वंशावळीने करावी. या घराण्यात हीच दोन नावे आलटून पालटून येतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडेही असल्याने हे नवे वाटणार नाही, मात्र उल्लेख आजोबांचा की नातवाचा, हे काळ पाहून ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर संपत्तीचा उगम शोधावा. इराणी सैन्याशी झालेल्या मॅरेथॉनच्या लढाईनंतर (इ.स.पू. 490) एका शरणागत इराण्याने थोरल्या कॅलिअसला खड्ड्यात पुरलेले सोने दाखवले आणि त्याने त्यालाच ठार मारून ते लाटले, अशी कथा चरित्रकार प्लुटार्क सांगतो. पण तो सुमारे सहा शतकांनंतर लिहीत होता, हे ध्यानात ठेवावे. अधिक भरवशाचा धागा अथेन्सच्या प्रदेशातील लॉरियनच्या चांदीच्या खाणींकडे नेतो. ग्रीक लेखक झेनोफोनच्या सांगण्यानुसार थोरल्या कॅलिअसचा मुलगा हिप्पोनिकस याने 600 गुलाम माणशी रोज एक ओबोल (छोटे नाणे) या दराने खाणीत भाड्याने दिले होते. येथे हिशेब स्वतः करून पाहावा. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, शंभर द्राख्मांचा एक मिना आणि साठ मिनांचा एक टॅलंट, म्हणजे दिवसाला एक मिना आणि वर्षाला सुमारे सहा टॅलंट. हिप्पोनिकसची मुलगी हिप्परेती हिचा अथेन्सचा सेनानी आल्सिबायडीस याच्याशी विवाह झाला तेव्हा दिलेला दहा टॅलंटांचा हुंडा याच मापाने जोखावा: तो या भाड्याच्या दीड वर्षाहून अधिक काळाच्या उत्पन्नाएवढा होता. हे वैभव खाणीत राबणाऱ्या, नावेही न उरलेल्या माणसांच्या श्रमांवर उभे होते, हे कोणत्याही टिपणातून वगळू नये.

ऱ्हासाच्या बाबतीत सर्वाधिक सावधगिरी लागते. हिप्पोनिकसचा मुलगा, धाकटा कॅलिअस, याने सोफिस्टांवर (पैसे घेऊन शिकवणाऱ्या विद्वानांवर) आणि खुशमस्कऱ्यांवर पैसा उधळला, असे सांगणाऱ्यांमध्ये त्याची टर उडवणारे नाटककार आणि न्यायालयातील त्याचा वैरी अँडोसिडीस आहेत. आजोबांची मालमत्ता 200 टॅलंट होती, पण नातवाची आता दोनही भरत नाही, हा आकडा अशिलांसाठी न्यायालयीन भाषणे लिहिणाऱ्या लिसियासच्या भाषणात येतो; त्यातील अशिलाला मोठ्या मानलेल्या इस्टेटी प्रत्यक्षात लहान निघतात हेच पटवायचे होते, म्हणून तो आकडा घासून पुसून घ्यावा. त्याच वेळी इतिहासकार थ्युसिडिडीसचे कथन शेजारी ठेवावे: इ.स.पू. 413 मध्ये अथेन्सशी युद्ध करणाऱ्या स्पार्टाने अथेन्सजवळील डेसिलिया येथे तळ ठोकल्यानंतर अथेन्समधून 20,000 हून अधिक गुलाम पळून गेले. खाणींवर पोसलेल्या घराला हा फटका बसला नसेल, असे मानणे कठीण आहे. माझ्या मते सारा दोष उधळेपणावर टाकणे अन्यायाचे ठरते.

शेवटी संपत्ती आणि प्रतिष्ठा यांच्या नोंदी वेगळ्या रकान्यांत कराव्यात. अथेन्सजवळील एल्यूसिस येथील धार्मिक गूढविधींतील मशालधारकाचा मान या घराण्याकडे वंशपरंपरेने होता आणि तो धाकट्या कॅलिअसने गमावला नाही; शिवाय इ.स.पू. 371 मध्ये स्पार्टाला तह करण्यासाठी गेलेल्या अथेन्सच्या दूतांमध्ये तोच सर्वांत आधी बोलला.