आठवडा बाजारात स्वस्त घेतलं आणि घरी येऊन महाग पडलं? या चुका टाळा

बाजारच्या दिवशी पिशवी भरून आणली की पैसे वाचले, असं आपण सगळेच धरून चालतो. भाव कमी मिळाला हे खरं, पण मापात किती गेलं, घरी निवडताना किती टाकलं आणि उरलेल्यातलं पुढच्या बाजारापर्यंत किती सडलं, याचा हिशोब कोण करतो? तो केला की कळतं की दहा रुपये घासाघीस करून वाचवले आणि तीसचा माल उकिरड्यावर गेला. मी इथं लोणंदचा गुरुवारचा बाजार डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण कांदा, धान्य, भाजी, शेळ्यामेंढ्या सगळंच तिथं येतं, सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातलं गाव असलं तरी फलटण, नीरा, पुरंदर सगळीकडची माणसं येतात. पण तुमचा बाजार सोमवारचा असो की रविवारचा, चुका त्याच असतात.

पहिल्याच ठेल्यावर पिशवी भरणे

स्टँडकडून आत शिरलं की सुरुवातीला जे विक्रेते बसलेले असतात त्यांचा माल बऱ्याचदा विकत घेऊन विकलेला असतो, जागा मोक्याची म्हणून भावही चढा. स्वतःच्या रानातलं घेऊन आलेला शेतकरी किंवा एखादी मावशी चार पेंड्या मेथी, थोडी वांगी, थोडी गवार असं पोत्यावर मांडून आतल्या बाजूला, कडेला कुठंतरी बसलेली असते. आधी एक मोकळी चक्कर मारा, काही घेऊ नका, फक्त भाव विचारत जा. लोकांना वाटतं यात वेळ जातो, पण नंतर प्रत्येकाशी हुज्जत घालण्यात जाणारा वेळ वाचतोच की.

भाव विचारताना पण गंमत असते. "दहाला पावशेर" ऐकायला हलकं वाटतं, किलोला चाळीस पडतात, आणि शेजारचा "तीसला किलो" म्हणतोय तो महाग वाटतो कारण आकडा मोठा. तसंच "पन्नासला दोन किलो" म्हटलं की आपण दोन किलो घेतो, घरात माणसं तीन आणि टोमॅटो पिकलेले. जे काही सांगतील ते मनातल्या मनात किलोवर आणा, मग ठरवा. वाट्यावर विकतात तिथं तर जास्तच बघायचं, वाट्यात वरची चार मिरच्या-लिंबं चकचकीत आणि खाली काय ते देवाला माहीत. वाटा आपल्या हातानं उचलून पिशवीत टाका, त्यांना टाकू देऊ नका, एवढंच.

पालेभाजीला पेंडीचा भाव फसवा असतो. पंधराची मोठी पेंडी दहाच्या बारक्या पेंडीपेक्षा स्वस्त पडू शकते, आणि उलटंही होतं, कारण मोठ्या पेंडीत माती आणि देठच जास्त. पाणी मारमारून जड केलेली मेथी तर नकोच, ती दुसऱ्या दिवशी पिवळी पडते.

उठत्या बाजाराचा मोह

संध्याकाळी बाजार उठायला लागला की भाव पडतात, परत न्यायला भाडं लागतं म्हणून विकणारा देऊन टाकतो. यात वाचतात पैसे, नाही असं नाही. पण उठत्या बाजारात काय घ्यायचं आणि काय नाही हे ठरलेलं पाहिजे. बटाटा, भोपळा, कोबी, दुधी चालतं. टोमॅटो घ्या, पण त्याच रात्री सार किंवा चटणी होणार असेल तर. पालेभाजी, भेंडी, फरसबी दिवसभर उन्हात तापलेली असते, ती स्वस्तात आणून दोन दिवसांत अर्धी टाकायची म्हणजे काय वाचलं? ज्यांना आठवडाभर पुरवायचंय त्यांनी सकाळी जावं आणि भाव दोन रुपयांनी जास्त द्यावा, तोच स्वस्त पडतो. माझं तर मत असं की दोन पेंड्या घेऊन बसलेल्या म्हातारीशी तिच्या भवानीच्या वेळी पाच रुपयांसाठी भांडणं ही काटकसर नाहीच, काटकसर दुसरीकडं करायला खूप जागा आहे.

काट्याकडं न बघता मोबाईल बघणे

इलेक्ट्रॉनिक काटा आला म्हणजे मापात पाप संपलं असं नाही. काट्यावर घमेलं किंवा टोपली ठेवल्यावर आकडा शून्य व्हायला पाहिजे, बऱ्याच जणांचा आकडा विक्रेत्याकडं तोंड करून असतो आणि आपण तेवढ्यात पैसे काढत असतो. सरळ म्हणा, "दादा, काटा जरा इकडं फिरवा." राग येत नाही कुणाला, आणि ज्याला येतो त्याच्याकडून घेऊच नका.

हाताच्या तराजूला तर वजनं बघा. दगड, विटेचा तुकडा, जुना बोल्ट असलं काही वजन म्हणून वापरता येत नाही, वैधमापन कायदा 2009 प्रमाणं वजनंकाटे तपासून शिक्का मारलेले लागतात आणि ठराविक मुदतीनं परत पडताळून घ्यावे लागतात. शंका आली तर एक साधी युक्ती आहे, किराणा आधी घ्यायचा आणि पिशवीत एक किलो मिठाचा पुडा ठेवायचा, तोच काट्यावर ठेवून बघायचा. पुड्याच्या कागदासकट किलोच्या किंचित वरच दाखवलं पाहिजे. साडेअकराशे दाखवलं तर समजून जा की तुमच्या किलोत साधारण एकशेतीस ग्रॅम कमी येतायत. तक्रार करायची तर जिल्ह्याला वैधमापनशास्त्र विभागाचं ऑफिस असतं, पण खरं सांगायचं तर बाजारात चार माणसांसमोर पुडा काट्यावर ठेवला की तिथल्या तिथं बरंच सुधारतं.

वर्षाचा कांदा भरताना होणारा घोळ

यावर जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. लोणंदचा कांदा प्रसिद्ध, मग दिवाळीच्या आसपास स्वस्त दिसला की लोक गोणी उचलतात. तो असतो हळवा, पावसाळ्यातला. दिसायला लालभडक, पण टिकायचा नाही, महिन्याभरात कोंब येतात नाहीतर पाणी सुटतं. साठवायचा तो गरवा, उन्हाळ्यात निघणारा, मार्च ते मे मध्ये येतो तो. हळव्याची गोणी घेऊन "कांदा खराब निघाला" म्हणून विकणाऱ्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, तो कांदाच तसा आहे.

गरवा घेताना पण गोणीचं तोंड उघडून वरचे चार बघायचे नाहीत, गोणी ओतून बघायची. मान जाड आणि ओली असेल तर सडणार. डेंगळे, म्हणजे ज्याला फुलाचा दांडा आलेला असतो, ते आणि जोड कांदे बाजूला काढा, टिकत नाहीत, आधी खाऊन टाका. अवकाळी पाऊस लागलेला माल असेल तर कितीही स्वस्त असो, साठवायला नको. आणि मोठ्ठा गोळा कांदाच पाहिजे असा हट्ट कशाला? घरच्या भाजीला गोल्टी, म्हणजे लहान कांदा, छान चालते, भाव बराच कमी असतो, वाळलेली असली तर टिकतेही. चिंगळी, म्हणजे अगदी बारका कांदा, मात्र सोलता सोलता जीव जातो, ती स्वस्त म्हणून दहा किलो आणणाऱ्यानं स्वतः सोलायला बसावं.

घरी आणल्यावर काय बिघडतं ते बघू. कोंब येत असतील तर जागा दमट आहे किंवा बटाट्याशेजारी ठेवलाय, दोन्ही एकत्र ठेवले की दोघंही लवकर खराब होतात. काळी भुकटी दिसत असेल तर ती बुरशी, ओलसर राहिल्यानं आणि हवा न मिळाल्यानं येते, वरचा पापुद्रा काढून वाळवा आणि पसरून ठेवा. प्लॅस्टिकच्या गोणीत बांधून कोपऱ्यात ढकलला असेल तर आतून सडायला लागतो आणि वास आल्यावरच कळतं. जाळीची गोणी, फळी किंवा बांबूचा ताटवा, जमिनीपासून वर, आणि मधूनमधून निवडणं, बस एवढं लागतं. वजन घटणारच, ते धरूनच किती भरायचा ते ठरवा.

अजून एक, पेपरात किंवा ग्रुपवर मार्केट यार्डाचा भाव येतो, क्विंटलला पंधराशे, आणि लोक किरकोळवाल्याशी भांडायला लागतात की पंधरा रुपये किलोचा कांदा पंचवीसला का देतोस. यार्डातला तो लिलावाचा भाव, गोणीच्या गोणी घेणाऱ्यांचा. त्यावर हमाली, गाडीभाडं, निवडून टाकलेला माल आणि त्याची दिवसभराची मजुरी चढते.

धान्याचं माप

गहू-शाळू अजून काही ठिकाणी पायलीवर देतात. पायली हे भरण्याचं माप, वजनाचं नाही, त्यामुळं शाळूची पायली आणि गव्हाची पायली वजनाला सारखी भरत नाही, वर शीग लावून दिलं की सपाट यावरही फरक पडतो. किलोवर घ्या, वाद मिटला. पोत्याच्या वरचं धान्य बघून घेऊ नका, कोपरापर्यंत हात घाला, आत गार-दमट लागलं तर ओलं आहे. दाताखाली दाणा टाकला तर कट् आवाज आला पाहिजे, चेपला तर वाळवायला लागणार आणि तेवढं वजन तुमच्या पैशातून जाणार.

सोंडे होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ऊन दिलं आणि गरम गरमच कोठीत भरून झाकण लावलं. आत वाफ धरते. रात्रभर सावलीत गार होऊ द्या, मग भरा, वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला, तूरडाळ-हरभऱ्याला एरंडेल चोळा. कोठीत जुनं थोडं उरलेलं असताना त्यावरच नवीन ओतणं हे तर किड्यांना आमंत्रण. आणि इथं एक गोष्ट चेष्टेत घेऊ नका, खताच्या दुकानातून आणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात धान्यात ठेवणारे लोक आहेत. त्यातून फॉस्फिन वायू निघतो, झोपायच्या खोलीत कोठी असेल तर माणसं मरतात. त्या गोळ्या गोदामासाठी आणि प्रशिक्षण घेतलेल्या माणसासाठी आहेत, घरासाठी नाहीत.

चटणीची मिरची

उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची तर नुसत्या ब्याडगीवर पैसे घालू नका, ती रंगाला, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी मिसळावी लागते, नाहीतर लालभडक आणि फिकी चटणी होते. मिरची हलवली की आतल्या बियांचा खुळखुळ आवाज यायला पाहिजे आणि मोडली की तुटली पाहिजे. लवचिक लागली तर पाणी मारून वजन वाढवलेलं आहे, शिवाय पुढं बुरशी धरते. देठासकट घेतली तर देठ काढून आणि वाळवून वजन बरंच उतरतं, ते धरूनच बिनदेठाच्या भावाशी तुलना करा. सुटी मिरचीपूड, हळदपूड मात्र ढिगावरून घेऊच नका, अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांत दळलेले मसाले सुटे विकायला बंदीच आहे, आणि रंग किती घातलाय ते डोळ्यांना कळत नाही. अख्खी हळकुंडं, अख्ख्या मिरच्या आणून डंकावर कुटून घेणं शेवटी स्वस्तच पडतं.

किराण्याच्या पाकिटांचं थोडक्यात. किंमत तीच आणि ग्रॅम कमी, हे चाललेलंच असतं, म्हणून पाकिटावर बारीक अक्षरात ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं ते छापलेलं असतं ते वाचा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असं अजिबात नाही.

गावात काय चाललंय ते न बघता निघणे

बाजाराचा भाव पंचांगावर चालतो म्हटलं तरी चालेल. पितृपंधरवड्यात गवार, कारलं, भोपळा, अळू सगळं कडाडतं कारण प्रत्येक घरी नैवेद्याला तेच लागतं, त्या दिवसांत इतर भाज्या खा. दसऱ्याचा झेंडू सकाळी सोन्याच्या भावानं आणि दुपारनंतर ढीग पडलेला. बकरी ईदच्या आधीच्या गुरुवारी शेळ्यामेंढ्यांच्या बाजाराला टेम्पो-पिकअपची एवढी गर्दी होते की भाजी घ्यायला आलेल्या माणसाची गाडी तासभर निघत नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते तेव्हा तर दूध, केळी, भाजी सगळ्याला मागणी, रस्ते बंद, एसटी दुसऱ्या वाटेनं. त्या आठवड्याचं सामान आधीच्या बाजारात भरून ठेवायचं, आणि दर्शनाला जायचं तर रिकाम्या हातानं जायचं.

आणि सुट्टे पैसे न्या. बाजारच्या दिवशी गर्दीत रेंज जाते, स्कॅन केलं की चाक गोल गोल फिरत राहतं, पैसे खात्यातून गेले की नाही ते दोघांनाही कळत नाही आणि मागं पाच जण खोळंबतात. स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतंय ते विचारून मगच पिन टाका, बऱ्याचदा क्यूआर पोराच्या किंवा भावाच्या नावावर असतो त्यामुळं वेगळं नाव आलं म्हणजे फसवणूकच असं नाही, पण विचारलेलं बरं. पैसे अडकलेच तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. मेसेज बघा, नंबर देऊन ठेवा, आणि पुढच्या गुरुवारी मिटवा, ओळखीचा विक्रेता नाही म्हणत नाही.