फलकांचे नियम बदलताहेत? प्लॅनिंग कमिशनपुढे जाण्याआधीची तयारी

गावात साइन ऑर्डिनन्स, म्हणजे दुकानांच्या पाट्यांचा शहराचा नियम, बदलणार असं कानावर आलं की आधी प्लॅनिंग कमिशनच्या, म्हणजे अशा नियमांवर कौन्सिलला शिफारस करणाऱ्या नागरिकांच्या समितीच्या, सुनावणीची तारीख शोधा. सिटी कौन्सिलची तारीख नंतर बघू. हे मी ठासून सांगते, कारण आम्ही नेमकं उलटं केलं होतं. कॅलिफोर्नियातल्या आमच्या गावात दुकानाच्या काचेवर किती पाट्या लावायच्या याची मर्यादा कमी करायचा प्रस्ताव आला. आम्ही आठ-दहा दुकानदार लवकर शटर ओढून थेट कौन्सिलच्या सभेला गेलो. आमचा विषय निघेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले. कौन्सिलच्या एका सदस्याने अगदी शांतपणे विचारलं, "हे तुम्ही कमिशनला सांगितलं होतं का?" नव्हतं सांगितलं. कमिशनची सुनावणी तीन आठवड्यांपूर्वीच उरकली होती आणि तिथे एकही दुकानदार बोलायला उठला नव्हता.

तो प्रश्न त्या सदस्याने का विचारला हे समजलं की पुढची सगळी तयारी सोपी होते. कौन्सिल निवडून आलेलं असतं. कमिशनवर बहुधा पाच किंवा सात नागरिक असतात आणि त्यांना कौन्सिल नेमतं. कोणी वास्तुरचनाकार, कोणी वकील, कोणी निवृत्त शिक्षक. फलकांचे नियम बहुतेक ठिकाणी झोनिंग कोडमध्येच, म्हणजे कुठल्या जागेवर काय चालेल ते ठरवणाऱ्या शहराच्या नियमांतच असतात, आणि झोनिंग बदलायचं तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे आधी कमिशनने जाहीर सुनावणी घ्यायची, मग कौन्सिलला लेखी शिफारस करायची. अंतिम मत कौन्सिलचं. ते शिफारस मान्य करू शकतं, फेटाळू शकतं, बदलूही शकतं. पण कमिशनने ज्याचा विचारच केला नव्हता असा बदल कौन्सिलला करायचा असेल, तर तो अभिप्रायासाठी कमिशनकडे परत पाठवावा लागतो आणि त्यासाठी कमिशनला 40 दिवस मिळतात. म्हणून शेवटच्या रात्री कोणी नवी सूचना आणली की कौन्सिलला ती जड जाते. तीच सूचना कमिशनच्या कागदात आधीपासून असेल तर कौन्सिलला फक्त होकार द्यायचा असतो. चार्टर, म्हणजे स्वतःची सनद असलेल्या शहरांत पायऱ्या थोड्या वेगळ्या असू शकतात, तेवढं शहराच्या नोंदी सांभाळणाऱ्या सिटी क्लार्कला विचारून घ्या.

तारीख कळली की नोटीस हातात घ्या आणि खालचा बारीक मजकूरही वाचा. सुनावणीची सूचना किमान 10 दिवस आधी, कमिशनपुढच्या झोनिंगच्या काही बदलांसाठी 20 दिवस आधी द्यावी लागते, आणि नेहमीच्या सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो. ही दुसरी अट ब्राऊन कायद्यातली, म्हणजे सरकारी सभा लोकांसमोर उघडपणे घ्यायला लावणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या 1953 च्या कायद्यातली. नोटिशीच्या तळाशी बहुधा एक वाक्य असतं: या निर्णयाला पुढे कोर्टात आव्हान दिलंत, तर सुनावणीत किंवा त्याआधी लेखी मांडलेले मुद्देच तुम्हाला तिथे मांडता येतील. हे वाक्य पेनाने अधोरेखित करा. कोर्टात जायचा विचार आज तुमच्या मनातही नसेल, तरी तुमचा प्रत्येक मुद्दा एका पानावर लिहून क्लार्ककडे पोचला पाहिजे. तोंडी तीन मिनिटांत चार मुद्दे मांडता येत नाहीत. पत्रात मात्र चारही राहतात.

मग प्रस्तावावरचा शहराचा अहवाल, म्हणजे स्टाफ रिपोर्ट, उतरवून घ्या. तो प्लॅनिंग खात्यातला प्लॅनर लिहितो आणि कमिशनचे सदस्य सभेला बसतात ते तोच वाचून. सुरुवातीचा सारांश वाचून थांबू नका. शेवटच्या जोडपत्रात जुन्या नियमातले शब्द खोडलेले आणि नवे शब्द अधोरेखित केलेले असतात, खरा मामला तिथे असतो. त्यातही व्याख्यांचं प्रकरण सगळ्यात आधी वाचा. क्षेत्रफळ कसं मोजायचं, तात्पुरता फलक कशाला म्हणायचं, काचेच्या आतल्या बाजूची पाटी धरायची की नाही, हे तिथेच ठरतं.

क्षेत्रफळाचा मुद्दा मराठीत पाटी लावणाऱ्या आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा नियम असा आहे की दुकानाच्या दर्शनी भिंतीच्या प्रत्येक फुटामागे एक चौरस फूट फलक. दुकान 20 फूट रुंद, म्हणजे तुम्हाला 20 चौरस फूट. इंग्रजी नाव 8 फूट लांब आणि सव्वा फूट उंच, म्हणजे 10 चौरस फूट. त्याखाली देवनागरीतली ओळ 6 फूट लांब. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि 'गृह'मधल्या ऋकाराची शेपटी. अक्षराचं अंग 9 इंच ठेवलं तरी वरखालचं धरून चौकट सहज 15 इंचांची होते. म्हणजे साडेसात चौरस फूट. दोन्ही ओळी वेगवेगळ्या मोजल्या तर साडेसतरा, आरामात बसतात. पण व्याख्येत 'संपूर्ण मजकुराभोवती एकच आयत' असं लिहिलं असेल, तर 8 फूट रुंद आणि मधल्या अर्ध्या फुटाच्या फटीसकट 3 फूट उंच, म्हणजे 24 चौरस फूट. अक्षरं तीच, भिंत तीच, पण अर्ज नामंजूर. इंग्रजीत एकच ओळ लावणाऱ्याला या व्याख्येचा काहीच त्रास नाही, त्यामुळे ती मसुद्यात आली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याच लक्षात यायला हवी. साइनवाल्याकडून तुमच्या पाटीचं मापासकट रेखाचित्र घ्या, त्यावर दोन्ही प्रकारच्या चौकटी आखा आणि तो कागद पत्राला जोडा. कमिशनच्या सदस्यांना असं चित्र हातात मिळालं की ते प्लॅनरला लगेच प्रश्न विचारतात. हे मी स्वतः पाहिलंय.

याच संदर्भात पोमोनाचा निकाल माहीत असू द्या. लॉस एंजेलिसजवळच्या पोमोना शहराने नियम केला होता की फलकावर परकी अक्षरं असतील तर किमान अर्धी जागा इंग्रजी अक्षरांना द्यायची. आशियाई व्यावसायिकांची संघटना कोर्टात गेली आणि 1989 मध्ये फेडरल कोर्टाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे कोणी भाषेवर अट घालायची गोष्ट काढली, तर आवाज न चढवता या निकालाचं नाव घ्या. पत्ता आणि दुकान क्रमांक अग्निशमन दलाला वाचता यावेत, ही अपेक्षा मात्र रास्त आहे, तिला विरोध करू नका. आणि एक आठवणीने सांगते. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीनंतर सगळ्या दुकानांवर मराठी देवनागरीत, आधी आणि इतर लिपींपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहावी लागते. तिकडे आपण ज्याचं स्वागत करतो तो पाटीवरच्या भाषेची सक्ती करणाराच नियम आहे. इथे आपण मागतो ते पाटीवर कोणती भाषा असावी यात सरकारने पडू नये म्हणून. हा फरक स्वतःशी स्पष्ट असलेला बरा, कारण सभेत कोणीतरी विचारू शकतं.

मंडळांची तयारी थोडी वेगळी. गणपतीत आपण शाळेचा हॉल भाड्याने घेतो आणि कोपऱ्याकोपऱ्यावर बाणाच्या पाट्या लावतो. अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावात एका छोट्या चर्चचं असंच होतं. स्वतःची इमारत नाही, प्रार्थना शाळांमधून आणि मिळेल त्या जागी, म्हणून शनिवारी पाट्या लावायच्या आणि रविवारी दुपारी काढायच्या. गावाचा नियम असा की कार्यक्रमाची दिशा दाखवणारी पाटी 6 चौरस फुटांहून मोठी नको, कार्यक्रमाच्या 12 तासांहून आधी लावायची नाही आणि कार्यक्रम संपल्यावर तासाभरात काढायची. वैचारिक मतं मांडणाऱ्या पाटीला मात्र 20 चौरस फूट आणि वेळेचं बंधन नाही, राजकीय पाटीला काही जागी 32 चौरस फुटांपर्यंत. चर्चवर दोनदा ठपका आला, एक पाटी जप्तही झाली, म्हणून ते कोर्टात गेलं. 2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले नऊच्या नऊ न्यायमूर्ती चर्चच्या बाजूने उभे राहिले. पाटीवर काय लिहिलंय ते वाचून नियम बदलत असेल, तर तो सहसा टिकत नाही. त्यानंतर देशभरातली गावं आपापले साइन कोड तपासत आली आहेत, आणि तुमच्या गावातला बदलही बहुधा याच कारणाने निघाला असेल.

म्हणून कमिशनकडे 'गणेशोत्सवाच्या बॅनरला सूट द्या' असं मागू नका. मनापासूनची मागणी असली तरी सिटी अ‍ॅटर्नी, म्हणजे शहराचा वकील, ती तिथल्या तिथे थांबवील, कारण अशी सूट म्हणजे पुन्हा मजकूर बघून केलेला नियम. मागायचं ते असं: कोणताही तात्पुरता बॅनर, मजकूर काहीही असो, वर्षात इतके दिवस, इतका मोठा, रस्त्यापासून इतका आत. दहा दिवसांचा उत्सव, आधीचे चार दिवस, शिवाय दिवाळी आणि संक्रांत, असा आपला हिशेब आधी मांडा आणि मग दिवसांचा आकडा सुचवा. तो आकडा शेजारच्या चर्चला, शाळेच्या जत्रेला आणि टॅको विकणाऱ्याला पुरतो का, हे त्यांच्याकडे जाऊन विचारा. त्यांच्यापैकी एकजण जरी तुमच्यासोबत बोलायला आला, तर ती मागणी एका समाजाची राहत नाही, गावाची होते. सार्वजनिक खांबावर आणि फूटपाथवर बांधायची मुभा मात्र मागू नका. ती सहसा मिळत नाही.

सभेआधी सदस्यांशी बोलायचं असेल तर एकेकट्याला भेटा आणि याचं मत त्याला सांगत फिरू नका. कमिशनच्या बहुसंख्य सदस्यांमध्ये सभेबाहेर चर्चा होणं, अगदी निरोप्यामार्फतसुद्धा, ब्राऊन कायद्याला चालत नाही. आपल्या उत्साहाने त्यांची पंचाईत व्हायला नको. सगळ्यांना एकच ईमेल टाकायच्याऐवजी ती क्लार्ककडे द्या, तिथून ती सगळ्यांना पोचते आणि नोंदीतही राहते. प्लॅनरला मात्र निःसंकोच फोन करा, तोही मसुदा छापून यायच्या आधी. मसुद्यातला एखादा शब्द तेव्हा एका फोनवर बदलतो.

बोलताना पहिल्या वाक्यात नाव आणि दुकान कुठे आहे ते, दुसऱ्या वाक्यात कलमाचा क्रमांक, तिसऱ्यात तुम्हाला हवा तो शब्द. बाकी वेळ तुमच्या पाटीच्या चित्राला. आईवडिलांना बोलायचं असेल आणि मराठीतच सोयीचं असेल, तर दुभाष्याची सोय आठवडाभर आधी क्लार्ककडे विचारा. आमच्याकडे एक आजी बोलल्या, नातीने भाषांतर केलं, आणि अर्ध्या झाकलेल्या पाटीमुळे दुकान न सापडता त्या दोनदा पुढे कशा गेल्या ते सभागृहाने शांतपणे ऐकलं.

कमिशनने शिफारस केली की ठरावाची प्रत मागून घ्या आणि कौन्सिलच्या सभेला पुन्हा जा, या वेळी दोनच मिनिटं बोलायला. कौन्सिलमध्ये ऑर्डिनन्स एकदा मांडला जातो आणि निदान पाच दिवसांनी मंजूर होतो. मंजुरीनंतर साधारण 30 दिवसांनी तो लागू होतो. तोवर साइनवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका. नियम लागू झाल्यावर शहराच्या कोडमधली ती व्याख्या पुन्हा एकदा शब्दन् शब्द वाचा, तिची प्रत त्याच्या हातात द्या, आणि मगच मापं पक्की करा.