'की' लिहिलं म्हणून 'दॅट' लिहू नका: इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना या चुका टाळा

"मामा म्हणाले की मी उद्या सकाळी अजनीला पोचतो." मराठीत इथे कुणालाच अडत नाही, 'मी' म्हणजे मामाच. पण हेच वाक्य शब्दाला शब्द लावून 'मामा सेड दॅट आय विल रीच अजनी टुमॉरो मॉर्निंग' असं पाठवलं, तर अजनीला पोचणारा माणूसच बदलतो. वाचणारा समजतो, निरोप पाठवणारा येतोय. मामा नागपूरच्या अजनी स्टेशनबाहेर ऑटोवाल्यांशी घासाघीस करत बसतात.

मराठीत 'की'च्या पुढे मूळ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. त्याचा 'मी', त्याचा 'उद्या', त्याचा प्रश्न, त्याने दिलेला हुकूम, सगळं चालतं. 'दॅट'ला हे चालत नाही. त्याच्या पुढचं सगळं निरोप सांगणाऱ्याच्या जागेवरून मांडावं लागतं. खालच्या बहुतेक चुका या एकाच फरकातून होतात.

म्हणून भाषांतराआधी 'की'च्या पुढे जिथे जिथे 'मी', 'तू', 'आपण' आहे, तिथे माणसाचं नाव लिहून बघा. "मामा म्हणाले की मामा पोचतात." मामा म्हणजे 'ही'. मग क्रियापद बघा. 'सेड' भूतकाळी आहे, म्हणून पुढचं 'विल' 'वुड' होतं, 'कॅन'चं 'कुड', 'इज'चं 'वॉज', 'हॅव'चं 'हॅड'. झालं वाक्य: 'मामा सेड दॅट ही वुड रीच अजनी टुमॉरो मॉर्निंग.'

'टुमॉरो' तसंच कसं राहिलं? शाळेतला तक्ता सांगतो, 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' करा. परीक्षेत तेच करा, गुण तिथेच आहेत. पण मामांचा फोन आज आला आणि निरोपही आजच जातोय, तर उद्या तो उद्याच. काही दिवसांनी सांगत असाल तरच 'द नेक्स्ट डे'. तसंच, सांगितलेली गोष्ट आजही खरी असेल तर काळ न बदलताही चालतं: 'द गाइड सेड दॅट द झिरो माइल स्टोन इज इन नागपूर.' दगड अजून तिथेच आहे. आणि पहिलंच क्रियापद 'सेज' असेल तर पुढे काही मागे ढकलायचं नाही.

'सेड' आणि 'टोल्ड'मध्ये सगळ्यात जास्त माणसं अडकतात. "त्यानं सांगितलं की ऑफिस बंद आहे" हे मराठीत पूर्ण वाक्य, कुणाला सांगितलं हे आलं नाही तरी चालतं. 'ही टोल्ड दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड' मात्र लंगडं. 'टोल्ड'च्या मागोमाग माणूस हवाच: 'ही टोल्ड मी दॅट...' माणूस नको असेल तर 'सेड' घ्या. उलट गल्लतही आपल्याकडे भरपूर. नागपुरात हिंदी-मराठीची सरमिसळ रोजचीच, 'उसको बोला' आणि 'त्याला बोललो' दोन्ही तोंडात असतात, त्यातून 'आय सेड हिम दॅट' तयार होतं. 'सेड'ला माणूस जोडायचा तर मध्ये 'टू' लागतो.

मराठीतला 'ला' बहुतेक क्रियापदांबरोबर माणसाला सारखाच चिकटतो, इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाची खोड वेगळी. 'टेल', 'इन्फॉर्म', 'रिमाइंड', 'अ‍ॅश्युअर', 'कन्व्हिन्स' यांना माणूस थेट लागतो: 'द बँक इन्फॉर्म्ड मी दॅट...' 'से', 'एक्सप्लेन', 'मेन्शन', 'अ‍ॅडमिट', 'अनाउन्स' यांना माणसाशिवाय चालतं, आणि आणलाच तर 'टू' घालून. म्हणजे 'एक्सप्लेन्ड मी दॅट' चूक, 'एक्सप्लेन्ड टू मी दॅट' बरोबर. 'प्रॉमिस' आणि 'वॉर्न' यांना माणूस थेट लावला तरी चालतो, नसला तरी चालतो. 'स्पीक', 'टॉक' आणि 'डिस्कस' यांच्यापुढे 'दॅट' लावूच नका.

खास आपल्याकडची एक गोष्ट. "तो सांगून राहिला होता की..." याचं 'ही वॉज टेलिंग दॅट' होतं. 'राहिला'मुळे 'आयएनजी' आपसूक येतो, आणि माणूस गळतो तो गळतोच. गप्पांमध्ये इंग्रज माणूसही 'वॉज सेइंग' म्हणतो, पण अर्जात किंवा ईमेलमध्ये साधं 'ही टोल्ड मी दॅट' लिहा.

प्रश्न सांगताना 'दॅट' पूर्ण काढा. "त्यानं विचारलं की तुम्ही कुठे राहता?" याचं 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह?' हे रूप सर्रास दिसतं. त्यात 'दॅट' नको, 'डू' नको, शेवटचं प्रश्नचिन्हही नको: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड.' प्रश्नशब्दानंतर आधी कर्ता, मग क्रियापद, साध्या विधानासारखं. मूळ प्रश्न हो-नाहीचा असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर' घ्या. 'दॅट व्हेदर' अशी जोडी इथे लावू नका, दोघांचं काम एकच आहे.

हुकूम असेल तर 'टू'. "आई म्हणाली की उन्हात जाऊ नको" म्हणजे 'आई टोल्ड मी नॉट टू गो आउट इन द सन.' 'सजेस्ट'ला मात्र हा साचा चालत नाही. 'सजेस्टेड मी टू' चूक. 'ही सजेस्टेड दॅट शी चेंज अ‍ॅट सीताबर्डी' असं लिहायचं, आणि 'चेंज'ला 'एस' किंवा 'डी' लावायचा मोह टाळायचा. फारच खटकलं तर 'शी शुड चेंज' लिहा, तेही बरोबर आहे.

"मला वाटतं तो येणार नाही" याचा नकार इंग्रजी आधीच्या 'थिंक'कडे ओढून घेते: 'आय डोन्ट थिंक ही विल कम.' 'होप' मात्र याला अपवाद: 'आय होप ही वोन्ट कम.'

'दॅट'च्या आधी किंवा नंतर स्वल्पविराम नको, अवतरणचिन्हं नकोत. 'सेड', 'थिंक', 'नो' यांच्यानंतर 'दॅट' गाळला तरी चालतो, पण शेजारी वेळेचा शब्द असेल तर गाळू नका. 'ही सेड यस्टरडे द शॉप वॉज क्लोज्ड' यात काल काय झालं, बोलणं की दुकान बंद? 'दॅट' 'यस्टरडे'च्या आधी टाकला तर दुकान काल बंद होतं, नंतर टाकला तर बोलणं कालचं.

आता एक नेहमीचा मजकूर दुरुस्त करून बघू. 'क्लार्क टोल्ड दॅट युअर फॉर्म इज इनकम्प्लीट अँड आस्क्ड दॅट व्हेअर इज द ओरिजिनल अँड सेड मी टू कम टुमॉरो.' 'टोल्ड'ला माणूस द्या, 'युअर'चं 'माय' आणि 'इज'चं 'वॉज' करा, प्रश्नाआधीचा 'दॅट' उडवा, कर्ता पुढे आणा, हुकुमाला 'टोल्ड मी टू' लावा. 'द क्लार्क टोल्ड मी दॅट माय फॉर्म वॉज इनकम्प्लीट, आस्क्ड मी व्हेअर द ओरिजिनल वॉज अँड टोल्ड मी टू कम टुमॉरो.' तक्रार चार दिवसांनी करत असाल, तर शेवटचं 'टुमॉरो' खोडून 'द नेक्स्ट डे' लिहा.