मृगाआधी पुराची खूण कांदाचाळीपर्यंत न्या

गंगापूर आणि दारणा, दोन्ही धरणांतून विसर्ग सुटला की गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरीला पाणी चढतं, हे आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. नाशिकला नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हे ऐकून खालच्या गावांत आवराआवर सुरू होते. पण तेवढ्या वेळात चाळभर कांदा हलत नाही. कांदा गेला, काठावरची मोटर गेली, की चांगला कष्टाचा माणूस उसनवारीला लागतो आणि ती फिटता फिटत नाही. म्हणून हे काम आत्ताच, कोरड्यात उरकायचं.

ऑगस्ट २०१९ च्या पाण्याची खूण गावात कुठल्या तरी भिंतीवर अजून असेल. पुसली असेल तर जाणत्या माणसांना विचारा. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाण्याने भरा. आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका, माप हमखास चुकतं. एक टोक खुणेशी धरा, दुसरं चाळीच्या खांबाशी. पाणी दोन्हीकडे स्थिरावलं की खांबावर तेलरंगाची रेघ ओढा. नळी पुरली नाही तर टप्प्याटप्प्याने पुढे जा. दोन माणसांचं सकाळभराचं काम आहे.

रेघ गुडघ्याखाली आली तर पुढच्या वर्षी चाळीचा तळ तिच्यावर फूटभर उचलून घ्या. छातीला लागली तर त्या जागी चाळ नकोच. वरच्या अंगाला दोघा-तिघांनी मिळून बांधा. यंदा चाळ भरलेलीच आहे, तेव्हा सखलातला कांदा आधी विकायला काढा. भावाची वाट उंचावरच्या कांद्यावर पाहा.

खरीप कांद्याचं रोप सपाट वाफ्यात टाकू नका. मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफा करा, दोन्ही अंगांना पाणी निघायला चर ठेवा. थोडं बी हवाबंद डब्यात रेघेच्या वर राखा. रोप गेलं तर पुन्हा टाकायला तेच कामी येतं.

मोटरच्या स्टार्टरची पेटीही रेघेच्या वर न्या. काठावरची मोटर चाकाच्या लोखंडी गाड्यावर बसवली तर विसर्गाची बातमी आली की मेन स्विच बंद करून, वायर सोडून दोराने वर ओढता येते. तरीही बुडालीच, तर चालू करून पाहू नका. मोटर भरणाऱ्या वायंडरकडे न्या, सुकवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावू द्या, मगच जोडा.