नक्षीदार भांड्यांची ड्रॉइंग्ज कशी बघायची

उत्खननाच्या रिपोर्टमधे भांड्यांची काळीपांढरी ड्रॉइंग्ज पानंच्या पानं असतात, बरेच जण ती नुसती उलटतात. मला ती फोटोंपेक्षा जास्त आवडतात, भांडं कसं घडलंय ते त्यात सरळ दिसतं, फक्त बघायची थोडी सवय लागते.

आधी नक्षीकडे बघूच नका. मधली उभी रेघ शोधा. तिच्या एका बाजूला भांडं उभं कापल्यासारखं दाखवतात, युरोपात बहुतेक डावीकडे आणि अमेरिकेत उजवीकडे, आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचा भाग. ती काळी भरलेली जाड पट्टी म्हणजे भांड्याची भिंत. काठापासून बुडापर्यंत तिच्यावरून बोट फिरवा, कुठे जाड होते, कुठे पातळ, काठ बाहेर वळलाय की आत, काठाच्या आतून खाच असेल तर झाकण बसत असणार. रोजच्या वापरातलं भांडं आहे, उगाच दिलेलं वळण फार कमी सापडेल.

मग स्केल. १:४ असेल तर कागदावरचा ५ सेंमीचा काठ खरा २० सेंमीचा, हे बघितलं नाही तर वाटी आणि घमेलं एकाच मापाचं वाटतं. आणि तुटक रेघ म्हणजे अंदाज! हातात बऱ्याचदा काठाचा एकच तुकडा असतो, तो एकात एक वर्तुळं काढलेल्या तक्त्यावर ठेवून, कुठल्या वर्तुळाशी जुळतो ते बघून व्यास काढतात.

आता नक्षी, इथे मात्र रेंगाळा. रोमन काळातल्या चकचकीत लाल भांड्यांच्या आकारांना हान्स ड्रॅगेनडॉर्फ या जर्मन पुरातत्त्वज्ञांनी १८९५ मधे नंबर दिले, त्यातला ३७ नंबर म्हणजे जेवणाच्या टेबलावरचा अर्धगोल नक्षीदार वाडगा. त्याच्या ड्रॉइंगमधे काठाखाली कोरा पट्टा आणि त्याच्या खाली अंड्यांसारख्या आकारांची ओळ दिसते, प्रत्येकाशेजारी एक लहानसा गोंडा लोंबतोय. हा वाडगा साच्यातून काढायचे आणि साच्याच्या आतल्या बाजूला ही नक्षी शिक्क्यांनी उठवलेली असायची, त्यामुळे गोंडा सरळ आहे का वाकडा, टोकाला चांदणी आहे का, एवढ्या बारीक गोष्टींवरूनही कारखाना ओळखायला मदत होते. ओळ फिरून जिथे मिळते तिथे कधी एखादं अंडं दुसऱ्यावर चढलेलं असतं, चांगला ड्रॉइंग काढणारा ते सरळ करत नाही, आहे तसंच ठेवतो, आणि मला तर तिथेच शिक्का धरलेला हात दिसतो.

जमलं तर ट्रेसिंग पेपर घ्या आणि एकाच आकाराचे चार-पाच काठ काढून एकमेकांवर ठेवा, सारखे वाटलेले काठ किती वेगळे आहेत ते लगेच कळेल.