पेट्रोल कुठे अडलंय?

कामाला लागून दोनच महिने झाले होते, तेव्हा पाण्याच्या पंपाचं एक छोटं पेट्रोल इंजिन आलं. पंधरा-वीस मिनिटं झकास चालायचं आणि मग आचके देत बंद पडायचं. थोडा वेळ ठेवलं की पुन्हा सुरू. मी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलला, त्यातले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे, साफ केले, इंजिन चालू करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते परत हजर. पुन्हा खोलला. तिसऱ्यांदा खोलताना कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचं पॅकिंगच फाटलं. नवं पॅकिंग टाकून सगळं जोडलं, आणि इंजिन परत आमच्यासमोरच बंद पडलं. तेव्हा आमचे उस्ताद उठले आणि त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! दोरी ओढली, इंजिन चालू. झाकणातलं हवेचं भोक मातीनं बुजलं होतं. जेवढं पेट्रोल टाकीतून जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की आत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं.

तेव्हापासून पाना उचलायच्या आधी मी विचारतो, बंद नेमकं कधी पडतं? चोक, म्हणजे हवा कमी करणारी झडप, ओढला तरच चालत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. आयडलला, म्हणजे रेस न देता, टिकत नाही पण रेस दिली की धावतं, तर संशय आयडलचं पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटवर. आयडलला छान आणि लोड आला की मरगळतं, तर रेस दिल्यावर पेट्रोल देणारा मेन जेट तुंबलाय किंवा वरून पुरेसं पेट्रोलच येत नाही. गिऱ्हाईक 'मिसिंग करतंय' एवढंच सांगतं. बाकीचं तुम्ही खोदून विचारायचं.

नंतर प्लग. पाच-सहा किका मारून प्लग काढा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. ओलाचिंब असेल तर पेट्रोल येतंय. मग ठिणगी बघा किंवा ओव्हरफ्लो शोधा. ठिणगी तपासताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, कारण किक मारताच तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत सरकत जाते. लांब कोपऱ्यात पेटलेली शेगडीही तिला पुरते.

प्लग कोरडा असेल तर टाकीपासून खाली यायचं. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा आणि टाकीखालचा कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. थेंबथेंब आलं तर कॉकची जाळी, फिल्टर, मुडपलेली नळी असं एकेक बघत जा. इथे नवी मुलं एक चूक हमखास करतात. काही गाड्यांचा कॉक व्हॅक्यूमवर उघडतो, म्हणजे इंजिन फिरत असेल तेव्हाच पेट्रोल सोडतो. बंद इंजिनावर धार आली नाही म्हणून असे चांगले कॉक बदललेले मी पाहिलेत.

धार ठीक असेल तर वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. बरणी उजेडात जरा कलती करा. तळाशी काचेच्या मण्यांसारखे गोळे घरंगळताना दिसले तर ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं. फार झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. अशा वेळी टाकी रिकामी केल्याशिवाय पुढचं काही करू नका. जेट साफ कराल आणि आठवड्यात तेच काम परत येईल.

आता कार्बोरेटर. महिनोन्महिने उभ्या इंजिनातलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राळेसारखा पिवळट थर उरतो. पायलट जेटचं भोक बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतं, त्यामुळे आधी तेच बुजतं. जेट डोळ्यासमोर धरून दिव्याकडे बघा. स्वच्छ जेटमधून उजेडाचा गोल, रेखीव ठिपका दिसतो. ठिपक्याची कड अस्पष्ट असेल तर आत थर आहे. पोलादी तार मात्र घालू नका. पितळ मऊ असतं. भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा. हवा मारायच्या आधी फ्लोट, म्हणजे वाटीतला तरंगता भाग, आणि रबरी डायफ्रॅम काढून ठेवा. चष्मा लावा, कारण एका भोकात मारलेला क्लीनर दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो. आयडलचं मिश्रण जुळवणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत फिरवत किती फेऱ्यांत बसतो ते मोजा आणि लिहून ठेवा. लक्षात राहील असं सगळ्यांनाच वाटतं.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, गाडीत आधी कान लावा. चावी फिरवली की पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर पंपाला हात लावण्याआधी किल स्विच, फ्यूज आणि रिले बघा. बऱ्याच दुचाकींत लाइनमध्ये 3 बारच्या आसपास दाब असतो, तो उतरवल्याशिवाय नळी काढू नका. डिझेल इंजिन टाकी कोरडी पडून थांबलं असेल, तर नुसतं डिझेल भरून भागत नाही. बुडबुडे थांबेपर्यंत फिल्टरच्या स्क्रूमधून हवा काढावी लागते.

राहिली गळती. वाटीखालून पेट्रोल टपकत असेल तर वाटी भरली की पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई काढून टोकावर नख फिरवा. खाच लागली तर सुई बदला. इंजिन चालू करण्याआधी ऑइलची पट्टी मात्र हुंगायची. रात्रभर ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं. पातळी वाढलेली असेल किंवा पेट्रोलचा वास आला तर ऑइल आधी बदला.

सुई चांगली असेल तर संशय पॅकिंगवर. पंपाच्या त्या कामानंतर उस्तादांनी मला वाटी दिली, पॅकिंगचा जाड कागद दिला आणि नवं पॅकिंग हातानं कापायला लावलं. माझं पहिलं गळलं. दुसरंही.