सांदण दरीत उतरताय? या चुका टाळा

सांदण दरी दोन प्रकारे करता येते. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावातून आत शिरायचं, पाण्याचे डोह ओलांडून पहिल्या कड्यापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. किंवा त्या कड्यावरून दोराने उतरून दरी पूर्ण करायची, तळाशी मुक्काम टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी करोली घाटाने साम्रदला चढून यायचं, नाहीतर खाली डेहणे गावात उतरायचं. यातलं काय करायचं हे न ठरवता निघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोराने उतरायचा पहिला टप्पा साधारण ४५ फुटांचा आहे. तो उतरून दोर खाली ओढून घेतला, की मागे फिरायची वाट उरत नाही.

"जमेल ना?" असं विचारू नका

आम्ही आठ जण होतो, कॉलेजपासूनचे. एका मैत्रिणीचा गुडघा महिनाभर आधी दुखावला होता. सगळे जातायत म्हणून ती बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दोरावरून ती व्यवस्थित उतरली. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला, कारण दोर संपले तरी दरी संपत नाही. घरातल्या कपाटाएवढ्या धोंड्यांवरून बसत, सरकत, उड्या मारत पुढे जावं लागतं. तिथे तिचा गुडघा आखडला. दोन तासांच्या वाटेला आम्हाला पाच तास लागले आणि शेवटचा तास अंधारात गेला.

तेव्हापासून आदल्या रात्री जेवणं झाली की मी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारते, "काय दुखतंय?" कारण "जमेल ना?" या प्रश्नाला चारचौघांत सगळे हो म्हणतात. दुसरं म्हणजे, कड्यावरून कुणी परत फिरणार असेल तर त्याच्यासोबत कोण फिरणार, हे आधीच ठरवून ठेवतो. सोबत मिळणार हे माहीत असलं की माणूस खरं बोलतो.

दोरावर

नवखा माणूस घाबरला की वरचा दोर दोन्ही हातांनी आवळतो आणि अंग कातळाला चिकटवतो. तसं केलं की पाय निसटतात आणि गुडघे, कोपरं सोलून निघतात. पाय खांद्यांएवढे फाकवा, तळवे पूर्ण कातळावर टेकवा आणि खुर्चीत बसल्यासारखी कंबर मागे सोडा. खालच्या हातातला दोर काही झालं तरी सोडायचा नाही, वेग त्याच हाताने आवरायचा असतो.

मोकळे केस, ओढणी, सैल टी-शर्ट डिसेंडरमध्ये, म्हणजे कमरेजवळच्या ज्या धातूच्या साधनातून दोर सरकतो त्यात, ओढले जातात, म्हणून वेणी हेल्मेटखाली घ्या आणि शर्ट खोचा. तरीही काही अडकलं तर हिसका देऊ नका. जागीच थांबा आणि वर ओरडून सांगा. बिलेवाला, म्हणजे तुमच्या सुरक्षेचा दुसरा दोर धरणारा, तुमचा भार त्या दोरावर घेईल, मुख्य दोर सैल होईल आणि मग अडकलेलं सोडवता येईल. हा दुसरा दोर लावल्याशिवाय कुणी "काही होत नाही" म्हणून उतरवू पाहत असेल, तर तिथूनच परत फिरा. उतरून झाल्यावर कड्याखाली फोटोसाठी थांबू नका. वरून दगड सुटतात. तुमच्या पायाखालून दगड सुटला तर "दगड!" असं मोठ्याने ओरडा.

बूट आणि पाणी

डोहाशी आलं की बरेच जण बूट काढून अनवाणी उतरतात. तळातले दगड टोकदार आणि शेवाळलेले असतात, त्यामुळे तळवा कापला की पुढचा सगळा दिवस लंगडत जातो. बूट घालूनच उतरा. कोरडे मोजे आणि मोबाइल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवा. दरीत ऊन जेमतेम पोहोचतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी बर्फासारखं असतं. पावसाळा संपल्या संपल्या दुसऱ्या डोहात छातीपर्यंत पाणी असू शकतं, उन्हाळ्यात ते बरंच उतरतं. कधी किती आहे हे साम्रदच्या गावकऱ्यांनाच विचारा, जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

दोन-तीन वर्षं कपाटात पडून राहिलेले बूट तर अजिबात आणू नका. दिसायला नवे असतात, पण डिंक सुकलेला असतो. आमच्यातल्या एकाचा सोल दरीच्या मध्यावर जिभेसारखा लोंबायला लागला. बुटाच्या लेसने आडवा-उभा बांधून वर चिकटपट्टीचे चार वेढे दिले, तेव्हा तो कसाबसा मुक्कामापर्यंत टिकला. चिकटपट्टीचं रीळ सॅकमध्ये असूच द्या.

पाऊस आणि मधमाश्या

ही दरी म्हणजे पाण्याची वाट आहे. वरच्या पठारावर पडलेला पाऊस याच चिंचोळ्या घळीतून खाली धावतो आणि बाजूला सरायला जागा नसते. म्हणून पावसाळ्यात इथे उतरायचंच नाही. अवकाळीचे ढग जमले असतील तर मे महिन्यातही नाही.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, सिगारेट, शेकोटीचा धूर, आरडाओरडा, सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-डोकं झाकून घ्या आणि शक्य तितक्या लवकर तिथून दूर व्हा.

वेळ

दरीत सूर्यास्ताच्या बराच आधी अंधारतं. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा, मोबाइलच्या उजेडात धोंड्यांवर हात मोकळे राहत नाहीत. मोबाइलला रेंजही नसते, तेव्हा साम्रदमध्ये कुणाला तरी परतायची वेळ सांगून निघा. दुसऱ्या दिवशी करोली घाट चढणार असाल तर उजाडताच निघा आणि माणशी तीन लिटर पाणी तळाशीच भरून घ्या.